फॉक्सग्लोव्ह : बियांपासून लागवड

फॉक्सग्लोव्ह (डिजिटॅलिस पर्प्युरिया) ही मूळची युरोपातील द्विवर्षायू वनस्पती होय. ब्रिटनमधील घरगुती बागांत तिचे बी उन्हाळ्याच्या आरंभी पेरतात. बी अतिशय बारीक असून रुजण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. म्हणून ते ओलसर मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती घालू नये. पहिल्या वर्षी केवळ पानांचा झुबका वाढतो; दुसऱ्या वर्षी जांभळ्या, घंटाकृती फुलांचा उंच तुरा येतो. बी धरल्यावर झाड बहुधा मरते.

ही वनस्पती सर्वांगी विषारी आहे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये तिच्या पानांच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला. तथापि औषधी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर अत्यल्प असते. फुले येण्यापूर्वी ही पाने खाद्य पालेभाजी समजून खाल्ल्याने विषबाधा झाली आहे. यास्तव पहिल्या वर्षापासूनच वाफ्यावर नावाची पाटी लावावी.