वंगण, लीक आणि राजूर घाट

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'लीक' म्हटलं की मेमरीच आठवते. पण हाच शब्द बुलढाण्यातल्या एखाद्या गॅरेजमधे काढलात, तर लोक आधी तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघतील. या लीकला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला चाकाच्या इतिहासापेक्षाही इंटरेस्टिंग वाटतो.

आधी जागा समजून घेऊ. बुलढाणा जिल्ह्याचे लोक सरळ दोन भाग करतात: घाटावर आणि घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खाली; बुलढाणा, चिखली, मेहकर वर, अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावर. मधे राजूर घाट, बोथा घाट. म्हणजे इथे चाक नुसतं फिरून भागत नाही, ते थांबावंही लागतं.

जुन्या बैलगाडीचं काम सोपं होतं. आस, त्यावर फिरणारा चाकाचा तुंबा, आणि मधे वंगण. एरंडेलात काजळी किंवा जाळलेल्या गवताची काळी पूड कालवली की झालं. ते गळायचंच. काळ्या मातीची धूळ आत जायची, वंगण बाहेर यायचं, चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान पुन्हा थोडं घालायचा. गळतीत नुकसान एवढंच की वंगण वाया जायचं.

मग रेल्वे आली. मुंबईहून निघालेली लाईन मलकापूर-शेगाववरून जात १८६७ मधे नागपूरला पोचली, आणि १८७० मधे जलंब-खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला, तो कापसासाठी. त्या जमान्यात वाघिणीच्या ॲक्सलबॉक्समधे ग्रीस भरत किंवा तेलात भिजवलेले सुताचे बोळे कोंबत. गंमत बघा, जे सूत वाहून न्यायचं त्याच्याच बोळ्यांवर चाक फिरायचं! पण आता वेग वाढला होता. तेल संपलं तर कुरकुर नाही, थेट आस तापायचा. आत कापूस असेल तर पुढचं सांगायला नकोच.

घर्षणाचा प्रश्न बेअरिंगने सोडवला. १८९८ मधे हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. ते वरचं वजनही पेलतं आणि वळणावरचा आडवा दाबही. १९०७ मधे स्वीडनच्या एका कापड गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी सांभाळून घेणारं बॉल बेअरिंग केलं.

पण तेल आत ठेवायचं कसं? याचं उत्तर यायला अजून वीसेक वर्षं लागली, आणि ते आलं चामड्याच्या धंद्यातून. १९२९ च्या मंदीत धंदा बसला तेव्हा चामडं कमावणारी जर्मनीतली फ्रॉयडेनबर्ग कंपनी चामड्याची सीलं बनवू लागली. तिथल्या वाल्टर सिमरने धातूच्या कड्यात चामड्याची कड बसवून आजच्या ऑइल सीलचा पाया घातला. १९३६ पासून चामड्याऐवजी कृत्रिम रबर आलं. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटेत पाणी धरायलाही चामडंच होतं. तसं बघितलं तर प्रश्न एकच.

आता खरी मेख. मोटारगाडीने ब्रेक चाकाच्या आत नेला. डिफरन्शियलचं तेल ॲक्सलच्या नळीतून चाकापर्यंत येतं, सील फाटलं की ते ड्रममधे उतरतं आणि लायनर भिजतात. बैलगाडीत जी गळती नुसती उधळपट्टी होती, ती इथे ब्रेक खाते. सपाट रस्त्यावर गाडी दाबल्यावर एका बाजूला ओढते, एवढंच जाणवतं. राजूर घाटाच्या उतारावर, प्रवासी खच्चून भरलेल्या जीपमधे, तेच जीवावर बेततं.

म्हणून चांगला मेकॅनिक नुसतं सील बदलत नाही. बेअरिंग खेळतंय का बघतो, कारण शाफ्ट हलत असेल तर नवं सीलही टिकत नाही. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडलाय का ते नखाने चाचपतो. नव्या सीलचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवतो. भिजलेले लायनर पुसून परत लावत नाही, बदलतो. आणि सगळ्यात शेवटी ॲक्सलवरचा बारीकसा ब्रीदर साफ करतो. तो चिखलाने बुजला की गरम हवेला वाट उरत नाही, आतला दाब वाढतो आणि तेल नव्याकोऱ्या सीलमधूनही बाहेर येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सील हे सिम्प्टम, ब्रीदर हा बग!

बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागे तयार सीलबंद बेअरिंग असतं, तिथे डिफरन्शियलच्या तेलाचा प्रश्नच नाही. पण जीप, पिकअप, ट्रक यांना तो आजही आहे. तेव्हा लोणारला किंवा शेगावला अशी गाडी घेऊन निघणार असाल, तर मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला एकदा वाकून बघा. काळा, तेलकट ओघळ दिसला तर आधी गॅरेज, मग घाट.