मंजुळे, नागराज पोपटराव

मराठी कवी, पटकथाकार व चित्रपटदिग्दर्शक. जन्म सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर येथे, वडार समाजातील एका निर्धन कुटुंबात. पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम्. ए. झाल्यावर त्यांनी अहमदनगर (हल्ली अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्‌स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनविद्येचे शिक्षण घेतले. उन्हाच्या कटाविरुद्ध या काव्यसंग्रहातून ज्या वंचितांच्या हालअपेष्टांना त्यांनी शब्दरूप दिले, त्यांनाच दृश्यरूप देण्याची विद्या त्यांना या जिल्ह्याच्या ठिकाणी लाभली. या शिक्षणाच्या ओघात निर्मिलेल्या, शाळेची ओढ असलेल्या परंतु दारिद्र्याने अडविलेल्या बालकाची कथा सांगणाऱ्या पिस्तुल्या या लघुपटास पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नगरनजीकच्या अकोळनेर गावाच्या पार्श्वभूमीवरील फँड्री (२०१३) या पहिल्या कथाचित्रात, डुकरे पकडण्यास भाग पडलेल्या कैकाडी कुटुंबातील जब्याच्या मूक प्रेमाच्या द्वारे, गावगाड्यातील जातिभेदाचे जे निष्ठुर दर्शन त्यांनी घडविले, त्याबद्दल त्यांना दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार प्राप्त झाला. सैराट (२०१६) हे बर्लिनच्या महोत्सवात प्रथम प्रदर्शित होऊन पुढे लोकप्रियतेचे सर्व मराठी उच्चांक मोडणारे चित्र होय. पावसाचा निबंध या लघुपटाच्या दिग्दर्शनासाठी त्यांना पुन्हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. झुंड (२०२२) हा त्यांचा हिंदी चित्रपट नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलपटूंविषयी आहे. नवोदित ग्रामीण मुलांकडून नैसर्गिक अभिनय करवून घेणे, बोलीचा अस्सल बाज राखणे आणि उपेक्षितांस दयेचा विषय न करता कथेचे नायकत्व बहाल करणे, ही त्यांच्या कलेची विशेष लक्षणे होत.