चवदार तळे आणि आपले मूलभूत हक्क

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते. या महाड गावात चवदार तळे आहे. राज्यघटनेने दिलेली स्वातंत्र्ये आपण गृहीत धरून चालतो. त्यांचे मोल जाणून घ्यायचे तर या तळ्याचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केले. ठराव झाला, पण पाण्याला हात लावण्याची सोय कोणाला होती? दप्तरात निजलेल्या या ठरावाला जाग आणली ती सभेने. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा या मंडळींचा बेत असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या बरसल्या. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. सभास्वातंत्र्य म्हणजे काय, हे या एका गोष्टीवरून उमजावे. ज्याला उभे राहायला जमीनच मिळत नाही, त्याच्या भाषणस्वातंत्र्याला काय अर्थ? २५ डिसेंबर रोजी, नाताळच्या दिवशी, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडलेल्या ठरावानुसार तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास मात्र दिवाणी न्यायालयाची तात्पुरती मनाई होती. हजारो माणसे पाण्यासाठी आसुसलेली असतानाही परिषदेने ती मानली आणि निकालाची वाट पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळाला तो मार्च १९३७ मध्ये. तब्बल दहा वर्षांनी!

ज्यांना महाडात सभेला जागा मिळत नव्हती, तेच बाबासाहेब पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. तळी, विहिरी व स्नानघाट यांच्या वापरास जातीधर्मावरून आडकाठी नसावी, असे कलम १५ सांगते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. कलम १९ भाषणाचे आणि शांततेने, शस्त्रांविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. कलम २५ धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहेच. संविधान सभेत येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही सदस्य होते. आपल्या चर्चनेही द्वितीय व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेचाच भाग असल्याचे जाहीर केले.

आपल्या पालखीच्या मिरवणुका, धर्मग्रामाच्या सभा, हे त्रैमासिकसुद्धा, याच कलमांच्या आधारावर उभे आहे. म्हणून ही स्वातंत्र्ये केवळ आपल्यापुरती मागणे आपल्याला शोभणार नाही. शेजाऱ्याची सभा कोणी उधळली तर आपणही आवाज उठवला पाहिजे. त्याला जागा मिळत नसेल, तर फत्तेखानासारखे आपले अंगण मोकळे करून देण्याची तयारी आपली आहे काय? हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा.