डब्याखालचं १८/८ आणि वर्ध्याची टकळी

घरातल्या स्टीलच्या डब्याच्या तळाला १८/८ असा छाप पाहिलाय? म्हणजे शंभर किलो पोलादात १८ किलो क्रोमियम, ८ किलो निकेल. टनाला किती? १८० आणि ८०. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या खाली गेलं, की ते पोलाद 'स्टेनलेस' राहत नाही.

असं स्टील आपल्या कळव्यात, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या मुकंदमध्ये बनायचं. १९३७ची ही लाहोरची कंपनी दोनच वर्षांत जमनालाल बजाज आणि जीवनलाल शहांकडे आली. गंमत बघा, त्याच १९३७च्या ऑक्टोबरात जमनालालजींच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण, तीच पुढे 'नई तालीम'.

टकळीवर सूत काततानाच त्रैराशिक. ६४० तारांची एक गुंडी. तासाला १६० तार निघाले, तर गुंडीला किती वेळ? चार तास. उत्तर बरोबर की चूक, ते हातातलं सूतच सांगतं.

पण गांधीजींना त्या मालातून शिक्षकांचा पगारही निघायला हवा होता. प्रा. के. टी. शहा यांनी तिथेच विरोध केला: शाळेचा माल कारागिरांच्या पोटावर येईल. मला त्यांचं पटतं. झाकिर हुसेन समितीच्या वेळापत्रकात उद्योगाला रोज ३ तास २० मिनिटं होती. गणिताला, तेही संगीत आणि चित्रकलेसोबत, फक्त ४०. पगार सुतावर ठरला, तर 'धागा निम्मा जाड काढला, तेवढ्याच कापसात किती तार?' हे विचारायला मास्तर टकळी थांबवतील का?