खाद्याचे ज्ञान आणि पाण्याचे ज्ञान : मत्स्यपालनाच्या इतिहासातील एक प्रश्न

नदीकाठच्या तीर्थावर उभे राहून माशांना कणकेच्या गोळ्या घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. नांदेडच्या गोदावरीच्या घाटावर अशा गोळ्या टाकणाऱ्या मनुष्यास आपण काही अनुचित करीत आहो अशी शंका येत नाही, आणि ती येण्याचे कारणही नाही. परंतु तोच मनुष्य घरी काचेची नवी टाकी आणून तीत दोन सोनेरी मासे सोडतो व त्याच उदार हाताने त्यांना खाऊ घालतो, तेव्हा आठ-पंधरा दिवसांत ते मासे बहुधा मरतात. मग तो पाण्यास दोष देतो, टाकी रिकामी करतो, वाळू घासून धुतो, पुन्हा नवे पाणी भरतो आणि पुन्हा मासे आणतो. फळ पुन्हा तेच.

हा प्रकार वरवर पाहता क्षुल्लक व घरगुती वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. माशांच्या खाद्याचे ज्ञान आपल्याकडे निदान नऊशे वर्षे जुने आहे. कोंडलेल्या पाण्यात काय घडते याचे ज्ञान मात्र जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. जुने ज्ञान संस्काराच्या रूपाने आपल्या अंगवळणी पडले आहे. नवे अद्याप पडलेले नाही. या दोहोंमधील अंतराचे स्वरूप आणि आपल्या भागातील त्याचे परिणाम तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

जुन्या ज्ञानाचा सर्वांत समृद्ध पुरावा आपल्या शेजारीच निर्माण झाला, ही गोष्ट मराठवाड्याच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द सुमारे ११२७ ते ११३८) याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा मानला जातो. ग्रंथात पाच विंशती असून अध्याय शंभर आहेत. त्यातील संगीतविषयक भागात आढळणाऱ्या मराठी पद्यपंक्तींमुळे मराठी भाषेच्या इतिहासकारांस तो परिचित आहेच. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. शिवाय लातूरच्या पापविनाशक मंदिरातील शिलालेख याच सोमेश्वराच्या काळचा असून, त्याच्या राज्यारोहणाला तीन वर्षे झाल्याच्या प्रसंगी तो कोरला गेला आहे. लत्तलूर नगरीत त्या वेळी पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख त्यात येतो. शिलालेखाचा आणि ग्रंथाचा काळ इतका जवळचा आहे की, मानसोल्लासातील ज्ञान ज्या विद्वत्समाजातून आले, त्या समाजाशी लातूरचा संबंध होता असे म्हणावयास हरकत नाही.

या ग्रंथाच्या चौथ्या, म्हणजे विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचा अध्याय आहे. श्रीगोंदेकर यांनी गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत मानसोल्लास संपादित केला (खंड १९२५, १९३९ व १९६१), आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे तत्कालीन संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाकडे प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. अध्यायाचा विषय गळाने मासे पकडणे हा राजाचा विनोद होय. परंतु त्या निमित्ताने माशांचे वर्गीकरण येते : समुद्रातले व नद्यांतले, खवले असणारे व नुसत्या कातडीचे, लहान व मोठे. त्याचबरोबर कोणत्या माशास कोणते खाद्य द्यावे हेही येते. काहींना तीळ, हरभऱ्याचे पीठ, भात यांसारख्या पदार्थांचे गोळे, तर मांसभक्षकांना मांस, असा भेद ग्रंथकार करतो. माशांना ठराविक जागी खाऊ घालून पुष्ट करावे व मग गळ टाकावा, ही त्यामागील दृष्टी होय.

हे निरीक्षण सूक्ष्म आहे यात संशय नाही. परंतु त्याचा रोख मासा, खाद्य आणि गळ यांवर आहे, आणि तसे असणे स्वाभाविकही आहे. सोमेश्वराचे मासे नदीत व मोठ्या जलाशयात होते. कंधारचा 'जगत्तुंग समुद्र' हा राष्ट्रकूटकालीन तलाव डोळ्यांपुढे आणावा. एवढ्या पाण्यात पडलेले पीठ व माशांची विष्ठा तळाचा गाळ, वनस्पती आणि पाण्याचा प्रचंड साठा पचवून टाकतात. तेथे पाण्याकडे पाहण्याची गरज नव्हती. निसर्ग ते काम न सांगता करीत होता. पाणी हा प्रश्न होण्यासाठी मासा प्रथम लहान भांड्यात यावा लागला.

२

लहान भांड्यात प्रथम आला तो सोनेरी मासा. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळापासून तो शोभेसाठी पाळला जाऊ लागला. १५९६ मध्ये चांग छ्येन-ते याने सोनेरी माशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे हा मासा जपानमध्ये व सतराव्या शतकात युरोपात पोचला. पाळणाऱ्यांना अनुभवाने इतके ठाऊक होते की, पाणी बदलल्यावाचून मासा जगत नाही. का जगत नाही, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते.

त्या उत्तराचा पहिला गंभीर प्रयत्न लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केला. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे तेरा गॅलन, म्हणजे अदमासे साठ लिटर पाण्याच्या काचपात्रात दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतींची पाने कुजू लागली, तेव्हा ती खाण्यासाठी गोगलगाई सोडल्या. पाणी न बदलता हा संसार चालू राहिला, आणि त्याचा वृत्तांत त्यांनी मार्च १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. प्रीस्टली व इंगेनहूझ यांनी अठराव्या शतकात वनस्पती व हवा यांचा जो संबंध दाखविला होता, त्याच्या आधारे वॉरिंग्टन यांनी निष्कर्ष काढला की, प्राणी व वनस्पती परस्परांचा तोल सांभाळतात. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले, १८५४ मध्ये गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले, आणि समतोल मत्स्यपात्राची ही कल्पना सर्वत्र पसरली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले तेही याच परंपरेचे दूरचे अपत्य होय.

वॉरिंग्टन यांचा प्रयोग खरा होता. त्याचे स्पष्टीकरण मात्र अपुरे होते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे मुख्यतः अमोनिया टाकतो, आणि न खाल्लेले अन्न कुजले की तेही अमोनियाच देते. वनस्पती त्यातील काही भाग घेतात. परंतु उरलेल्याचे काय होते हा प्रश्न शिल्लकच होता.

३

त्याचे उत्तर मत्स्यपात्रातून मिळाले नाही. ते सांडपाण्यातून व शेतातून मिळाले. १८७७ मध्ये श्लेझिंग व म्यून्त्स या फ्रेंच संशोधकांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि ताज्या मातीचे पाणी घालताच काही काळाने पुन्हा सुरू झाली. अर्थात हे काम केवळ रासायनिक नसून जिवंत सूक्ष्म जीवांचे होते.

पुढील संशोधन इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ज्या शेतीरसायनतज्ज्ञाने नेटाने केले, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि तो सोनेरी मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टन यांचा पुत्र होय. अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट अशा दोन पायऱ्या असून त्या निरनिराळ्या जीवांकडून होतात, असे त्याने दाखविले. हे जीव वेगळे करून वाढविण्यात १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांना यश आले. पित्याच्या काचपात्रात जे घडत होते त्याचा अर्थ पुत्राला शेतातील मातीत सापडला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

या कथेचा शेवट अलीकडे पुन्हा मत्स्यपात्रापाशी आला. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे नायट्रेट करणारे मुख्य जीव पूर्वी समजत तसे नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा वर्गाचे असतात, असे १९९८ मध्ये दिसून आले. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा असतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. आणि असे जीव ज्या ठिकाणी सापडले त्यांत एका मत्स्यसंवर्धन केंद्राची गाळणीही होती.

४

श्लेझिंग व म्यून्त्स यांची नळी आणि आपल्या घरातील नवी टाकी यांत तत्त्वतः भेद नाही. त्या नळीचे वीस दिवस हेच नव्या टाकीचे पहिले तीन ते सहा आठवडे होत. वाळूवर, दगडांवर व गाळणीच्या स्पंजावर जीवाणूंचा थर बसेपर्यंत अमोनिया साचत राहतो. पुढे नायट्राइट वाढते, आणि अखेरीस दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागते. या अवधीत मासे ठेवावयाचे असल्यास दोनच गोष्टी आपल्या हाती असतात : विष कमी निर्माण होऊ देणे आणि निर्माण झालेले पातळ करणे. पहिलीचे साधन खाद्य, दुसरीचे पाणी.

सोनेरी माशास खरे जठर नसते. त्यामुळे एका वेळी दिलेले पुष्कळ अन्न त्याच्या उपयोगी पडत नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य या काळात पुरे. एखादा दिवस काहीच न दिले तरी निरोगी मासा उपाशी मरत नाही. अमोनिया किंवा नायट्राइट वाढल्याचे चाचणीत दिसले की चतुर्थांश पाणी बदलावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपयुक्त जीवाणू मुख्यतः पृष्ठभागांवर राहतात, पाण्यात नव्हे. म्हणून पाणी काढल्याने ते जात नाहीत. ते जातात वाळू व स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्याने. श्लेझिंगच्या नळीत क्लोरोफॉर्मने केले ते येथे क्लोरीन करते. सबब स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. नवे पाणी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवून किंवा त्यात हायपो घालून, टाकीच्या तापमानाला आणून मग ओतावे. जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास तो नव्या टाकीत ताज्या मातीच्या पाण्याचे काम करतो.

आपल्या भागात या सर्वांस आणखी एक पैलू आहे. दख्खनच्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंश झपाट्याने वाढतो : २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तर सामू ८ असताना सुमारे पाच टक्के. उन्हाळ्यातील उष्णता त्यात भरच घालते. म्हणून थंड प्रदेशातील पुस्तकांत सांगितलेले खाद्याचे प्रमाण नांदेड-लातूरच्या वैशाखात निर्धोक मानता येत नाही. उलटपक्षी, याच जड पाण्यातील क्षार जीवाणूंच्या कामात निर्माण होणारे आम्ल शोषून घेतात व सामू कोसळू देत नाहीत, हा त्याचा गुणही नमूद केला पाहिजे.

५

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली, आणि मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल रोजी लातुरास पोचली. अशा शहरात शोभेच्या माशांसाठी पाणी खर्च करावे काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर हिशेबात आहे. साठ लिटरच्या नव्या टाकीत भरपूर खाद्य घालून दर तिसऱ्या दिवशी सारे पाणी बदलले, तर सहा आठवड्यांत चौदा वेळा मिळून ८४० लिटर पाणी जाते. आणि वाळू व स्पंज धुतले जात असल्यास टाकीचे चक्र तरीही बसत नाही. खाद्य मोजके ठेवून तितक्याच वेळा चतुर्थांश पाणी बदलले तर २१० लिटर पुरतात, आणि चक्र बसल्यावर गरज आणखी कमी होते. शिवाय काढलेले पाणी गटारात सोडण्याचे कारण नाही : त्यातील नायट्रेट हे धाकट्या वॉरिंग्टनने शेतात शोधलेले तेच वनस्पतींचे अन्न होय. ते कुंडीतील तुळशीला घालता येते. टंचाईच्या वर्षी नवी टाकी सुरूच करू नये, हेही याच हिशेबातून निघते. कारण पाण्याची खरी निकड चक्र बसण्याच्या याच आठवड्यांत असते.

सारांश, माशास काय आवडते हे सोमेश्वराच्या ग्रंथकारास उत्तम ठाऊक होते, आणि त्याच्या जलाशयास तेवढे ज्ञान पुरेसे होते. आपण मासा काचेच्या चार भिंतींत आणला, तेव्हा नदीचे काम आपल्याकडे आले. परंतु नदीकाठचा दानशूर हात मात्र आपण बदलला नाही. घाटावर पुण्य ठरणारी कणकेची मूठ टाकीत विष होते, ती मासा बदलल्यामुळे नव्हे, तर पाणी बदलल्यामुळे. म्हणून मत्स्यपालनाचा इतिहास लिहिताना खाद्याच्या परंपरेबरोबर पाण्याच्या या उशिरा आलेल्या ज्ञानासही त्याचे स्थान दिले पाहिजे. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जेथे पाण्याचा प्रत्येक घागरभर हिशेब पिढ्यानपिढ्या ठेवला गेला आहे, ते ज्ञान रुजण्यास अडचण पडू नये.