पाबळची कामातून शिकवणारी शाळा

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा धुवाधार पाऊस. पूर्वेला अवसरी खुर्दपासून शिरूरच्या हद्दीकडे मात्र पाऊस हात आखडता घेतो. याच कोरड्या पट्ट्यात, अवसरीच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर, शिरूर तालुक्यातले पाबळ आहे. मस्तानीच्या समाधीमुळे हे गाव पूर्वीपासून ठाऊक होते. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला.

कलबाग अन्नतंत्रज्ञानातले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी मागे ठेवून ते पत्नीसह पाबळला राहायला आले. आश्रम पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून चालू लागला.

हाताने काम करत शिकण्याची कल्पना तशी जुनी. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती. पुष्कळ शाळांत ती सूतकताईपुरती उरली. कलबागांनी एका हस्तोद्योगावर भिस्त ठेवली नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चारही अंगांनी मुलांनी हात चालवायचा आणि केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे, ही त्यांची अट होती. वेल्डिंग शिकायचे तर कुणाचे तरी फाटक करूनच. गिऱ्हाईक समोर उभे असले की मापातली चूक लपत नाही; परीक्षेतली चूक मात्र गुणांत विरून जाते.

पाबळचा प्रश्न पाण्याचा होता. विहीर कुठे खणायची हे तोवर पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून सांगायचा. आश्रमातल्या मुलांनी त्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजायला घेतला. शेतात एका ओळीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. अखंड काळा कातळ रोध जास्त दाखवतो. भेगाळलेला, पाणी धरणारा खडक कमी. आकडे आलेखावर मांडताना गणित आणि भूगोल ओघानेच येत. अंदाज कधी चुकतोही, पण नारळापेक्षा इथे चूक शोधायला जागा असते.

हा अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक शाळांतही ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणून गेला. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आश्रमातच निवासी पदविका सुरू झाली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली; अमेरिकेबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग 2003 मध्ये वारले. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले ते त्यानंतर, 2009 मध्ये.