तळहात-तळपायाची जाड कातडी : जुना गैरसमज आणि आजचे उपचार

लहानपणापासून तळहात-तळपायाची कातडी जाड, पिवळसर आणि भेगाळलेली असली की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते : "महारोग तर नाही ना?" मोशी-चाकण भागात कंपनीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. बोटांचे ठसे झिजल्यासारखे झाल्याने मशीनवर हजेरीचा अंगठा लागत नाही. पण हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो जनुकांतून येतो.

हे समजायला बराच काळ गेला. आजच्या क्रोएशियात म्लेत नावाचे बेट आहे. इटालियनमध्ये त्याला मेलेदा म्हणतात. १८२६ मध्ये डुब्रोवनिकचे डॉक्टर लुका स्टुली यांनी तिथल्या काही कुटुंबांतील अशा हातापायांचे वर्णन केले. या रुग्णांनाही कुष्ठरोगी समजले जाई. १८९७ मध्ये होवोर्का आणि एलर्स यांनी हा स्वतंत्र आजार असल्याचे मांडले. 'मेलेदाचा आजार' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. त्यामागचे जनुक मात्र २००१ मध्ये सापडले.

फरक लक्षात ठेवा : कुष्ठरोगात चट्ट्यावर बधिरपणा येतो, या आजारात सहसा संवेदना शाबूत असते. तरीही शंका असल्यास तपासून घ्या. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

मेलेदा प्रकारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला धोका चारात एक असतो. आते-मामे भावंडांत लग्न होते तिथे ही शक्यता वाढते. जर्मनीतील थोस्ट (१८८०) आणि उन्ना (१८८३) यांनी वर्णन केलेल्या प्रकारात एका पालकाकडून आलेले जनुकही पुरते. म्हणून दोष कुणा एकाच्या, विशेषतः सुनेच्या, माथी मारू नका.

मुळापासून बरे करणारे औषध अजून नाही, पण त्रास बराच कमी करता येतो. युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडचे मलम लावा, पाय कोमट पाण्यात भिजवून वजरीने हळूच घासा. ब्लेडने कातडी कापू नका. वास येत असेल किंवा बुरशी झाली असेल तर तिचाही उपचार हवा. तीव्र आजारात त्वचारोगतज्ज्ञ ॲसिट्रेटिनच्या गोळ्या देतात. या गोळ्यांनी गर्भाला गंभीर इजा होते. त्या बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. त्यामुळे स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका.

आणि अंगठा लागत नसेल तर डॉक्टरांचे पत्र घ्या, कंपनीत दुसऱ्या पद्धतीने हजेरी मागा. आधारसाठी डोळ्यांच्या बुबुळाची ओळख चालते.